यंत्राआधी सुई

लखनौत हृदयरोग्यांच्या रक्तातले मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांवर लगाम ठेवणारे आरएनएचे छोटे तुकडे, मोजताना एक गोष्ट पक्की कळली: आकडा यंत्रातून बाहेर पडतो खरा, पण ठरतो त्याच्या कितीतरी आधी.

१. हात फार वेळ बांधून ठेवू नका, बारीक सुईने रक्त जोरात ओढू नका. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातले मिर-४५१ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रवात, उतरतात. प्लाझ्मा पिवळसर हवा. गुलाबी दिसला, तर नमुना बाद.

२. नळीच्या टोपणाचा रंग बघा. जांभळं चालतं, हिरवं नाही. हिरव्या नळीत रक्त गोठू न देणारं हेपारिन असतं आणि ते मोजणीची पीसीआर अडवतं. अँजिओग्राफीच्या वेळी रोग्यालाही हेपारिन देतात. म्हणून रक्त त्याआधीच घ्यायचं.

३. नळी ताटकळत ठेवू नका. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. स्कूटरच्या डिकीत पडलेल्या नळीत पेशी आतला माल सांडत राहतात. प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट काढून टाका. मिर-१२६, मिर-२२३ त्यांच्यातूनही येतात.

४. गोळ्यांची यादी लिहून घ्या. अ‍ॅस्पिरिनने प्लेटलेट शांत होतात आणि त्यांच्यातून येणाऱ्या मायक्रोआरएनएचे आकडे उतरतात. २०१०मध्ये फ्रांकफुर्टच्या गटाला हृदयधमनीच्या रोग्यांत मिर-१२६ कमी आढळला होता. असा फरक दिसला की आधी विचारा: हा रोगाचा, की गोळीचा?

५. प्रत्येक नळीत सारख्या मापाने एका सूक्ष्म गोलकृमीचा मिर-३९ घाला. माणसात तो नसतो, त्यामुळे कुठल्या नळीतून किती माल वाया गेला ते कळतं. पहिला मायक्रोआरएनएही १९९३मध्ये याच कृमीत सापडला; अँब्रोस आणि रुव्कुन यांना त्यासाठी २०२४चं नोबेल मिळालं.

६. प्रश्न कोणता, ते आधी ठरवा. मिर-२०८ए हृदयाच्या स्नायूतला. स्नायूला इजा झाली की रक्तात येतो. धमनी नुसती अरुंद असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

७. रोग्याला खरं सांगा. रायबरेली रोडचं पीजीआय असो की केजीएमयूचं लारी हृदयरोग केंद्र, माणसं बाराबंकी, सीतापूर, गोंड्याहून येतात. संमतिपत्रावर अंगठा उठवताना एका चाचांनी विचारलं, “इससे ब्लॉकेज दिख जाएगा?” “नहीं चाचा, अभी नहीं.” निदान आजही ईसीजी, ट्रोपोनिन, अँजिओग्राफी अशा चाचण्यांवरच होतं. आमची नळी संशोधनाची आहे, आणि हे ऐकूनही ज्यांनी हात पुढे केला, त्यांचंच रक्त घ्यायचं.