बीपीची गोळी आणि ‘ती’ गोळी : लाज सोडा, डॉक्टरांना सांगा



नाशिकच्या वस्त्यांमध्ये आम्ही बीपी तपासायला बसतो, तेव्हा साखर, गुडघे, झोप सगळ्यावर बोलणं होतं. सगळे उठून गेले की एखादा भाऊ मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, “ताई, बीपीची गोळी चालू आहे, ताठरतेची गोळी घेतली तर चालेल का?” विचारणारा शहाणा. आम्हाला काळजी वाटते ती न विचारता घेणाऱ्यांची.

नागपूरची एक घटना २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. ४१ वर्षांच्या एका माणसाने डॉक्टरांना न विचारता सिल्डेनाफिलच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दारूसोबत घेतल्या. सकाळी त्रास सुरू झाला, पण ‘असं आधीही झालंय’ म्हणून तो दवाखान्यात गेला नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन तो दगावला.

सिल्डेनाफिल, टॅडालाफिल या गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, त्यामुळे बीपी थोडा उतरतो. बीपीची गोळीही तेच करते. म्हणून कोणती गोळी कशासोबत घेतो, हे महत्त्वाचं.

१. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या चालू असून बीपी आटोक्यात असेल, तर बहुतेकांना ही गोळी चालते. पण डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

२. प्राझोसिन किंवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर उभं राहताच चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतात.

३. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा दुसरी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर ताठरतेची गोळी अजिबात नाही. बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

बायांनो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. रात्री नवऱ्याच्या छातीत दुखलं की आपण घाईने शेजारून सॉर्बिट्रेट आणतो. त्याने ती गोळी घेतलेली आपल्याला माहीतच नसते. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट धोक्याचं. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि कोणती गोळी कधी घेतली ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्या क्षणी लपवणं जिवावर बेतू शकतं.

ही गोळी चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नका. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पुड्यांतही गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलं आहे. दारूसोबत तर नकोच. पाचवं शील इथे जीवही वाचवतं.

काही भाऊ बीपीच्या गोळीने ताकद गेली म्हणून ती बंदच करतात. तसं करू नका, त्याने लकवा किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. काही गोळ्यांनी हा त्रास होतो हे खरं, पण डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. शिवाय बीपी, साखर, तंबाखू यांनी रक्तवाहिन्या खराब झाल्या की हा त्रास अनेकदा हृदयविकाराच्या आधी दिसतो. म्हणजे ती शरीराने दिलेली सूचना असू शकते.

महापालिकेच्या दवाखान्यात किंवा जिल्हा रुग्णालयात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. बोलायला जमत नसेल तर कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. हा आजार आहे, यात कमीपणा काही नाही.