लाल रेघेतले सोने

पाळी चुकली की आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळते. लघवीचे दोन-तीन थेंब टाकले की पाच मिनिटांत लाल रेघ उमटते. ही रेघ शाईची नसते. बहुतेक किटमध्ये ती सोन्याची असते!

सोने पिवळे, मग रेघ लाल का? सोन्याचे कण केसाच्या जाडीच्या दोन हजाराव्या भागाइतके बारीक केले, की ते उजेडातला हिरवा रंग शोषून घेतात. उरतो तो लाल रंग आपल्याला दिसतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनमध्ये सोन्याचे असे लाल पाणी करून दाखवले होते.

गर्भ राहिला की लघवीत एचसीजी नावाचे द्रव्य येते. किटमधल्या सोन्याच्या कणांना ते पकडणारी प्रथिने, म्हणजे अँटीबॉडी, चिकटवलेली असतात. वातीत तेल चढावे तशी लघवी कागदातून पुढे सरकते आणि कणांना सोबत नेते. ‘टी’ या जागी एचसीजी धरलेले कण अडतात, तिथे लाल रेघ येते. ‘सी’ या जागी सोन्याचे कण एरवीही अडतात. म्हणून ‘सी’ची रेघ आलीच नाही, तर किट खराब समजावे व दुसरे घ्यावे.

आम्ही वस्त्यांमधून सांगतो त्या गोष्टी लक्षात ठेवा:

१. किटची मुदत पाहा. पाकीट आधी फोडून ठेवू नका.

२. सकाळची पहिली लघवी घ्या. सांगितलेल्या वेळेतच रेघ वाचा. तासाभराने दिसलेली रेघ धरू नका.

३. ‘टी’ची रेघ फिकट असली तरी ती रेघच. रेघ नाही आणि पाळीही नाही, तर काही दिवसांनी पुन्हा तपासा.

४. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे किट सांगत नाही. रेघ आली आणि पोटात जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

५. गर्भ नको असेल, तर मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून घेऊ नका. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत, काही ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत, मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करता येतो. बाई १८ वर्षांवरची असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

मलेरियाचे किटही याच रीतीचे. तिथे लघवीऐवजी बोटातले रक्त लागते. रेघ आली नाही पण ताप चढतोच आहे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात काचपट्टीवर रक्त तपासून घ्या.

रेघ लवकर कळली, की पुढचे ठरवायला वेळ हाती राहतो. म्हणून लाजेपोटी दोन-दोन महिने थांबू नका. ज्या शेजारणीला वाचता येत नाही, तिला हे पान वाचून दाखवा.