‘४७१’ आणि आपले ताट

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातील एका घरातून शेजाऱ्यांनी इफ्तारीसाठी पाठविलेला केक परत गेला. वेष्टनावर ‘४७१’ हा क्रमांक होता आणि मोबाइलवर फिरणाऱ्या एका यादीने तो हराम ठरविला होता. त्याच वेष्टनावरील हिरव्या चिन्हाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

‘४७१’ म्हणजे तेल व पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ. ब्रेड, केक, आइस्क्रीम यांत तो सर्रास वापरतात. चरबी किंवा तेल ग्लिसरीनबरोबर तापवून तो तयार होतो. ते तेल पामचे वा सोयाबीनचे असू शकते, तसेच चरबी डुकराची किंवा जिबह न केलेल्या जनावराचीही असू शकते. क्रमांक पदार्थाचे नाव सांगतो, त्याचा उगम सांगत नाही.

आपल्या देशात वेष्टित खाद्यपदार्थांवर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह कायद्याने बंधनकारक आहे. हिरवे चिन्ह असल्यास चरबीचा प्रश्न मिटतो. वीगन मंडळींना ते पुरेसे नाही, कारण त्यात दूध चालते. आपल्याला तर दूध हलालच आहे. मद्यार्काविषयी मात्र हे चिन्ह काहीच सांगत नाही, म्हणून घटकांची यादी वाचावीच.

संशयास्पद गोष्टींपासून दूर राहणारा आपला दीन सुरक्षित ठेवतो, अशी ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आहे. तर नवमुस्लिमांनी आणलेल्या मांसावर अल्लाहचे नाव घेतले होते की नाही, हे ठाऊक नसताना प्रेषितांनी (स.) स्वतः बिस्मिल्लाह म्हणून ते खाण्यास सांगितले, असे ह. आएशा (रजि.) सांगतात. संशयाला खरा आधार असेल तेथे पहिली हदीस लागू होते. नुसता वस्वसा असेल तेथे दुसरी. अल्लाहने हलाल केलेले हराम म्हणणे हाही अपराधच आहे.

परदेशातून नातलगांनी बॅगेत आणलेल्या चॉकलेटवर हे चिन्ह नसते. तेथे संशयाला आधार आहे. वेष्टनावर वनस्पतिजन्य असल्याचा उल्लेख किंवा विश्वसनीय हलाल प्रमाणपत्र पाहावे. दोन्ही नसल्यास उत्पादकाला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत ते खाऊ नये. प्रक्रियेत चरबीचे स्वरूपच पालटते, मग ती हराम कशी, असे काही जण विचारतात. हनफी फिक्हमध्ये संपूर्ण रूपांतराला मान्यता आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यात ती फारच मर्यादित आहे. शिवाय येथे चरबीचे घटक सुटे होऊन पुन्हा जुळतात, एवढेच. मला हे संपूर्ण रूपांतर वाटत नाही.