गर्भवतीचे ताट
गरोदरपणी जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडते, ही समजूत आपल्या घरांतून अजून पुरती गेलेली नाही. वस्तुतः पोटात असतानाच पोषण तोकडे पडलेले मूल कमी वजनाचे जन्मते व पुढे त्याची वाढ खुंटण्याचा संभव असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. डोहाळजेवण आपण हौसेने करतो. एरवी तीच सून सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवते! तिला आधी वाढावे. डाळ, पालेभाजी, दूध रोज असावे. भाजीवर लिंबू पिळल्यास लोह अंगी लागते, जेवणाबरोबरच्या चहाने ते वाया जाते. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यावयाच्या असतात. शौचास काळे होते म्हणून त्या टाकू नयेत. सासूबाईंनीच त्या आठवणीने द्याव्यात, असे आम्ही सुचवितो.