वाफसा आणि मुळांचा श्वास



मूळ पाणी पिते, तसा श्वासही घेते. पानाला उजेडात प्राणवायू घरचाच असतो. अंधारातल्या मुळाला तो मातीच्या पोकळ्यांतून मिळवावा लागतो. त्यावर साखर जळते, त्या ऊर्जेवर मुळाचे टोक वाढते आणि अन्नद्रव्ये आत ओढली जातात. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. पोकळ्यांत पाणी भरले की नव्याचा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. आत उरलेला मुळे आणि जिवाणू लवकरच संपवतात.

परभणीच्या काळ्या रानाची गोष्ट त्यामुळेच अवघड. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही जमीन पावसात फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचते. श्रावणात झड लागली की सोयाबीन पिवळे पडते, अन् युरियाचे पोते उघडले जाते. घाईच ती. गुदमरलेल्या मुळात नत्र उचलण्याचा जोर नसतो. शिवाय अशा मातीतले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. आधी एक झाड उपटून पाहावे. मूळ पांढरे असेल तर जिवंत. तपकिरी असून चिमटीत साल निसटली तर गेलेले. मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी दिसली तर ती काम करते. हिरवट किंवा करडी असेल तर नाही.

कपाशीत हेच निराळ्या रूपात दिसते. लांब उघडीपीनंतर जोराचा पाऊस झाला किंवा कालव्याचे भरपूर पाणी दिले, की बोंडांनी लदलेले झाड उभ्या उभ्या सुकते. हा आकस्मिक मर. त्यामागे बुरशी नसते. पाय पाण्यात असून झाड तहानलेले असते. भाताच्या देठात हवा खाली नेणाऱ्या नळ्या असतात, म्हणून तो तगतो. तुरीला ती सोय नाही.

उपाय पेरणीपूर्वीच करायचा असतो. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी सुचवते: पीक वरंब्यावर, जादा पाणी सरीतून बाहेर. झड उघडल्यावर चर काढावा आणि वाफसा येताच कोळपावे. मूठभर माती दाबून ढेकूळ बनले, हाताला चिकटले नाही आणि बोटाने फुटले, की वाफसा आला. त्याआधी ट्रॅक्टर रानात घालू नये; चाकाखाली दबलेल्या मातीत पोकळ्याच उरत नाहीत.

— काका