दसऱ्यानंतर बुजणारी घोडी

प्रश्न : माळेगावच्या यात्रेतून आणलेली घोडी दसऱ्याला बँड वाजल्यापासून बुजते. काय करावे? (एक वाचक, नांदूरघाट, ता. केज)

उत्तर : घोड्याला जवळजवळ चौफेर दिसते, नाकासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा आंधळा. मागून गुपचूप हात लावला की लाथ बसते. बोलत बोलत, खांद्याच्या बाजूने जावे.

पावसाळाभर घोडी ठाणबंद आणि खुराक मात्र तोच, मग अंगात मस्ती येणारच! काम नसेल तेव्हा हरभरा कमी, कडबा जास्त. आधी काही दिवस नुसते हाती धरून फिरवावे, मग उन्हं चढण्याआधी स्वारी.

विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जबड्याखाली बोटांना लागते. बुजल्यावर नाडी उतरेपर्यंत थांबावे. चाबूक नकोच, बँडबरोबर मारही तिच्या लक्षात राहतो.

स्वभाव अचानक पालटला असेल, तर पाठ, दात आणि डोळे पशुवैद्यकांना दाखवावेत. खोगीरही सोबत न्यावे.