आधी तिथी बघ, मग खोली धर

मुली, अर्नाळ्याला नाहीतर राजोडीला दोन रात्री राहायचं ठरवते आहेस, तर खोल्यांचे फोटो बाजूला ठेव आणि आधी कालनिर्णय काढ. ज्या शनिवारी यायचं आहे, त्या दिवशी तिथी कोणती ते बघ. ग्रीसमधल्या त्या लहानशा हॉटेलात खिडकीखाली पाणी सकाळीही होतं आणि रात्रीही होतं, असं तू कौतुकाने सांगितलंस. भूमध्य समुद्राचं तसंच असतं. त्याला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, बहुतेक ठिकाणी वीत-हातभर फरक. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत पाणी चार-चार मीटर चढतं आणि उतरतं, शिवाय आपले किनारे सपाट. त्यामुळे दुपारी सुरूच्या झाडांपाशी आलेला समुद्र संध्याकाळी पार लांब गेलेला असतो. मुंबईहून आलेली माणसं मग हॉटेलवाल्यावर चिडतात, की समुद्रकिनारी खोली म्हणून पैसे घेतले आणि समोर नुसती ओली वाळू. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? तिथी न बघता आलात तर असंच होणार.

हिशेब सोपा आहे. माझ्या सासूबाई तो बोटांवर करायच्या आणि किनाऱ्यावरचे कोळीही असाच करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट जुळते. थोडं मागेपुढे होतं, पण सहलीपुरतं पुरेसं आहे. होडीत बसायचं असेल तर मात्र होडीवाल्याचाच शब्द प्रमाण.

आता तुला काय हवं ते ठरव. तुझ्या सासूबाईंना संध्याकाळी पाण्याजवळ नुसतं बसायचं असेल, तर षष्ठी ते नवमीच्या आतबाहेरचा शनिवार धर. तेव्हा भांग असतो. भरती फार चढत नाही, ओहोटीही फार लांब जात नाही, आणि संध्याकाळी पाणी जवळ असतं. मुलांना वाळूत पळायचं असेल, शंख-शिंपले वेचायचे असतील, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास या. संध्याकाळी पाच-सहाला किनारा मैदानासारखा मोकळा मिळतो. पौर्णिमेला आलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे उठाच. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे चंद्र समुद्रातून वर येताना दिसत नाही, तो पहाटे समुद्रात मावळताना दिसतो. त्या वेळी ओहोटीही असते आणि किनाऱ्यावर बाहेरचं कुणी नसतं.

महिन्याचंही बघ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, आणि पावसाळ्यात प्रशासन बऱ्याचदा किनाऱ्यावर उतरायलाही मनाई करतं. जून ते ऑगस्टमध्ये आलात तर पाऊस बघायला या, हिरव्या वाड्या बघायला या. समुद्रात पाय घालायला येऊ नका. नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघतात, आणि माझ्या मते खरा हंगाम दिवाळी ते फेब्रुवारी. मे महिन्यात घाम पुसण्यातच दिवस जातो.

जागेचं म्हणशील तर वसईच्या बाजूने सुरुची बाग, रानगाव, भुईगाव, मग कळंब, राजोडी, नवापूर आणि टोकाला अर्नाळा, असा हा किनारा आहे. अर्नाळ्याला पोहण्याचे तलाव असलेली रिसॉर्ट खूप. रविवारी तिथे गाणी आणि गर्दी असते. तरुण पोरांना ते चालतं, तुम्हाला नाही चालणार. तुम्ही समुद्र दिसणाऱ्या खोलीच्या मागे लागू नका. किनाऱ्यापासून दहा मिनिटं आत, वाडीतली खोली घ्या. वाडीत केळी, नारळ, फुलझाडं, विहीर असते. दुपारचं ऊन लागत नाही, मुलं अंगणात खेळतात, आणि समुद्र काही पळून जात नाही. पुष्कळ वाडवळ आणि कुपारी घरांनी मागच्या खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत नोंद आहे का, हेही विचार. नसली तरी घर वाईट असतं असं नाही, पण असली तर तक्रारीला एक ठिकाण राहतं.

फोनवर बोलताना 'खोली कशी आहे' असं विचारू नकोस. चांगलीच आहे म्हणणार. त्याऐवजी खिडक्या कोणत्या दिशांना आहेत ते विचार. दिवसा वारा समुद्रावरून येतो, तो खारा वारा. रात्री उशिरा तो फिरतो आणि जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. पश्चिमेला एक आणि पूर्वेला एक खिडकी असेल तर एसीवाचून झोप लागते. एकाच भिंतीला खिडकी असेल तर पंखा कितीही फिरो, उकडतंच. दुसरं विचार, की जवळ बोंबील सुकत घालतात का. पावसाळा संपला की कोळीवाड्यात वलांड्या उभ्या राहतात, त्यांवर बोंबील टांगतात आणि खाली अंगणात जवळा पसरतात. वलांड्या खोलीच्या पश्चिमेला असतील तर दिवसभर वास येणार. मला तो वास लहानपणापासून प्रिय आहे, तुझ्या सासूबाईंना सोसेल की नाही ते तू ठरव. तिसरं, खोली सोडायची वेळ चोवीस तासांची की दुपारी बाराची. यावरूनच निघताना सगळ्यात जास्त भांडणं होतात.

सगळे पैसे आगाऊ पाठवू नकोस. थोडी रक्कम दे, आणि त्याआधी खोलीचा आणि अंगणाचा व्हिडिओ त्याच वेळी काढून पाठवायला सांग. दुसऱ्याच जागेचे फोटो दाखवून पैसे घेणारे भामटे आता सगळीकडे आहेत. खरा घरमालक दोन मिनिटांत व्हिडिओ पाठवतो, आणि मागून त्याच्या बायकोचा आवाजही ऐकू येतो.

पोचल्यावर सामान खोलीत टाकण्याआधी नळ सोड आणि हाताला साबण लाव. फेस झाला तर पाणी गोडं. साबण नुसता बुळबुळला तर मचूळ. मचूळ असेल तर केसांवरून पाणी घेऊ नकोस, चहापुरतं वेगळं पाणी माग, आणि भात-डाळीला कोणतं पाणी वापरता तेही विचारायला लाजू नकोस. इथल्या विहिरींचं दुखणं जुनं आहे. वाड्यांमधलं पाणी उपसून टँकर भरले गेले, वस्ती वाढली आणि गोड्या विहिरींत खार शिरला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं या पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उतरली होती, ते दिवस मी पाहिले आहेत. म्हणून सांगते, समुद्रावरून आल्यावर मुलांना चार-चार बादल्या घालू नकोस. अंगणातल्या नळावर आधी पायाची वाळू काढा, मग एका बादलीत अंघोळ. ज्या घरात पाहुणा पाणी जपतो, त्याला ते घर पुढच्या वेळी न मागता चांगली खोली देतं.

सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून तळमजला घेशील. मग गादीखाली हात घालून ओल बघ आणि मच्छरदाणी माग. कड्या-बिजागऱ्या खाऱ्या हवेने गंजतात, आतून कडी नीट लागते का ते दिवसाच बघून घे. स्वतःचं एक कुलूप, दोन जुन्या चादरी, विजेरी आणि कपडे वाळत घालायला दोरी आण. ओले कपडे खोलीतल्या खुर्चीवर टाकू नकोस, खाऱ्या पाण्याचे डाग जात नाहीत. आधारकार्डं सगळ्यांची आण, नोंदवहीत नाव लिहायला कुरकुर करू नका.

जेवणाचं आदल्या रात्रीच बोलून ठेव, फार तर सकाळी आठपर्यंत. अशा घरांत फ्रीज भरून मासे ठेवलेले नसतात, सकाळी जे येतं ते चुलीवर जातं. म्हणून 'पापलेट आहे का' असं न विचारता 'आज काय आलंय' असं विचार. मांदेली आली असेल तर मांदेली खा, ओले बोंबील आले असतील तर तेच खा. दुपारी कुरकुरीत तळलेली ताजी मांदेली ज्याने खाल्ली, तो शिळ्या सुरमईला हात लावणार नाही. ख्रिस्ती घरात उतरलात आणि उपासकाळातला शुक्रवार असेल तर मटण-कोंबडीचा आग्रह धरू नका. तुझ्या सासूबाई मासे खात नाहीत, तर तेही आधी सांग. वाडीतल्या ताज्या भाजीवर त्या तृप्त होतील. आणि निघताना सुकेळी घ्यायला विसरू नका. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्यात साखर-गूळ काही नसतं. रंग मधासारखा असतो, आणि बोटाने दाबलं तर मऊ लागली पाहिजेत. कडक झाली असतील तर जुनी आहेत.

आता पाण्याचं सांगते ते नीट ऐक, आणि जावईबापूंनाही वाचून दाखव. पाणी उतरत असताना आत जायचं नाही, ते माणसाला आत ओढतं. पाणी चढत असताना गुडघ्यापर्यंत ठीक. किनारा सपाट दिसतो, पण मध्ये मध्ये खोलगट चर असतात. ओहोटीत माणसं चर ओलांडून लांबच्या वाळूवर जातात. भरती लागली की आधी मागचा चर भरतो, आणि समोर बघत उभ्या असलेल्याला ते कळतच नाही. म्हणून ओहोटीची वेळ टळली की मागे फिरायचं, फोटो राहिले तरी राहू देत. अर्नाळ्याला वैतरणेचं मुख जवळ आहे. तिथे नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांना भिडतात, पोहणाऱ्यालाही ती ओढ झेपत नाही. जेवून लगेच नाही, दारू पिऊन कधीच नाही, अंधारात नाही. जाळी विणत बसलेला कोळी दादा 'नको जाऊ' म्हणाला तर का म्हणून विचारत बसू नका. आणि गाडी वाळूवर घालायची नाही. ओहोटीत वाळू घट्ट वाटते, चाक रुततं, आणि मग भरती गाडीपर्यंत येते.

एक सकाळ अर्नाळ्याच्या किल्ल्यासाठी ठेवा. किल्ला बेटावर आहे, होडीने जावं लागतं. उतरताना पायाखाली पाणी आणि चिखल असू शकतो, म्हणून सासूबाईंना नेणार असाल तर भरतीच्या जवळची वेळ होडीवाल्याला विचारून धरा. १७३७ साली मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. दरवाजावरच्या शिलालेखात बाजीरावांचं नाव आहे, ते मुलांना वाचायला लाव. दोनच वर्षांनी, १७३९च्या मे महिन्यात, चिमाजीअप्पांनी वसई घेतली, हेही तिथेच सांग. आत अष्टकोनी तळं आहे, आणि चहूकडे समुद्र असून त्याचं पाणी गोडं. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे. वाळत घातलेल्या जवळ्यावर आणि जाळ्यांवर पाय देऊ नका, आणि मासळी निवडणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. 'मावशी, काढू का?' म्हटलं की त्या पदर सावरून हसून बसतात.

दुपारी दोन ते चार घरमालकिणीला हाक मारू नका. ती पहाटे चारला उठलेली असते. चहा हवा असेल तर जेवतानाच सांगून ठेवा.

बिल लिहून घे. भाडं, जेवण, चहा वेगवेगळं लिहिलेलं असावं. जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक बघ. क्रमांक नसेल तर कर मागता येत नाही. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे, जुन्या दराने लावला असेल तर शांतपणे दाखवून दे. भाड्यात घासाघीस करायची ती फोनवर, येण्याआधी. राहून झाल्यावर, जेवून झाल्यावर पैसे कमी करायला सांगणं मला पटत नाही. खोली झाडणाऱ्या बाईच्या हातात वेगळे पैसे दे, मालकाकडे देऊ नकोस.

येताना शनिवारी सकाळी दादरहून विरार गाडी धरा. त्या वेळी गर्दी उलट्या दिशेला असते, बसायला जागा मिळते. विरारला पश्चिमेला उतरा, अर्नाळ्याची बस मिळते, रिक्षाही मिळते. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. गाडी घेऊन येणार असाल तर भाईंदरहून वसईला रो-रो बोट आहे, हायवेची कोंडी वाचते. पण तिची सुटायची वेळ आदल्या दिवशी विचारा. परतायचं मात्र सोमवारी अकरानंतर. सोमवारी सकाळी सातला मुलं, सामान आणि सासूबाईंना घेऊन चर्चगेटच्या गाडीत चढायचा विचारही करू नका. तेव्हा माझ्याकडे आगाशीला या, भाकरी खा आणि सावकाश निघा.